बालविकास आणि कुटुंब अभ्यास शिकायचाय? सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. 'ताई, मुलीला लहान मुलांत रमायला आवडतं, कुठला कोर्स घेऊ?' 'मॅडम, मला समुपदेशक व्हायचंय, सोलापुरात राहून जमेल का?' बऱ्याचदा विचारणाऱ्याच्या हातात कुठल्या तरी संस्थेचं रंगीत पत्रक असतं आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरायचे असतात. उत्तर घाईत द्यावं लागतं आणि ते अर्धवट राहतं.

मी गृहविज्ञानात मानव विकास हा विषय घेऊन एम.एस्सी. केलं. आता सोलापुरातच मुलं आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करते. या वाटेवरची माहिती फार विखुरलेली आहे. थोडी विद्यापीठात मिळते, थोडी जिल्हा परिषदेत, थोडी सिव्हिल हॉस्पिटलच्या गल्लीत आणि बरीचशी कुणीतरी कुणाला सांगितलेली. ती एका जागी लिहून ठेवते.

१. आधी नोकरीची जाहिरात वाचा, कोर्स नंतर शोधा

'लोकांना मदत करायची आहे' ही इच्छा झाली, नोकरी नव्हे. सरकारी खात्याची असो वा संस्थेची, प्रत्येक जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता' अशी एक ओळ असते. तुम्हाला हवं असलेलं काम शोधा, त्या कामाच्या जुन्या जाहिराती मिळवा आणि ती अर्हतेची ओळ वहीत उतरवून घ्या. मगच प्रवेशाच्या मागे लागा. हे उलट्या क्रमाने करणारे फार भेटतात. पदवी हातात आल्यावर कळतं की हव्या त्या पदाला एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, लागते आणि आपण मानसशास्त्र केलंय.

कामांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिला, लहान मुलांचं पोषण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सेविका आणि मदतनीस, त्यांच्यावर मुख्यसेविका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, अशी उतरंड आहे. सेविका आणि मदतनीस या पदांना आता बारावी उत्तीर्ण असावं लागतं आणि त्याच गावची किंवा वस्तीची रहिवासी असावं लागतं. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे. हा फरक घरात आधीच समजावून सांगा. मुख्यसेविकेला पदवी लागते आणि प्रकल्प अधिकारी एमपीएससीतून येतात. बालविकास शिकलेल्या मुलीने नजर ठेवावी ती या वरच्या दोन पदांवर.

दुसरा, बाल संरक्षण. हरवलेली, सोडून दिलेली, मारहाण किंवा अत्याचार झालेली, कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलं. हे काम बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार चालतं. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आणि बाल न्याय मंडळ असतं, सोबत जिल्हा बाल संरक्षण कक्ष. कक्षात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रीय कार्यकर्ता अशी पदं असतात आणि ती मिशन वात्सल्य योजनेतून कंत्राटी भरली जातात. इथे समाजकार्याच्या पदवीला वजन आहे, पण बालविकास आणि मानसशास्त्रवाल्यांनाही काही पदं खुली असतात.

तिसरा, वाढीत मागे पडलेली आणि दिव्यांग मुलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यात जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर पाहतात. अडचण सापडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची केंद्रं असतात. तिथे किंवा विशेष शाळेत विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी क्रमांक लागतोच. नुसत्या बालविकासाच्या पदवीवर हे दार उघडत नाही.

चौथा, कुटुंबं. कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक, पोलिसांकडचे महिला कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर, कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालची यंत्रणा आणि खासगी समुपदेशन. इथे पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव दोन्ही मागतात. बाविसाव्या वर्षी नवरा-बायकोच्या भांडणात बसायला कुणी बोलावत नाही आणि ते बरंच आहे.

२. विषयाची नावं अनेक, फसू नका

गृहविज्ञान म्हटलं की आपल्याकडे अजून लोणचं आणि भरतकामच आठवतं. प्रत्यक्षात त्याच्या पाच शाखांपैकी एक आहे मानव विकास. कुठे तिला 'मानव विकास आणि कुटुंब अभ्यास' म्हणतात, कुठे 'बालविकास', तर कृषी विद्यापीठात अख्ख्या गृहविज्ञानालाच आता 'सामुदायिक विज्ञान' म्हणतात. म्हणून नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पानं उघडा. त्यात गर्भावस्थेपासून म्हातारपणापर्यंतचे टप्पे, पूर्वप्राथमिक शिक्षण, कुटुंबातली नाती, विशेष गरजांची मुलं, समुपदेशनाची मूलतत्त्वं आणि भरपूर प्रात्यक्षिक असेल तर तो आपला विषय.

मानसशास्त्राशी याचा भरपूर भाग सामाईक आहे. पियाजे, एरिक्सन, वायगॉट्स्की, बोल्बी हे मुलांच्या वाढीचे अभ्यासक दोन्हीकडे भेटतात. पण मानसशास्त्र एका माणसाच्या मनापासून सुरू होतं आणि बालविकास मुलाला घर, गल्ली, शाळा, आईबापाचा रोजगार यांच्यासकट बघतो. समाजकार्य हक्क, कायदा आणि यंत्रणेच्या बाजूने येतं. तिन्हीही चांगले आहेत. पहिल्या टप्प्यात वहीत उतरवलेली ओळ काय म्हणते, त्यावर निवड करा.

३. कुठे शिकता येईल

*सोलापुरात राहून.* पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून समाजशास्त्र, मानसशास्त्र घेऊन बी.ए. करता येतं. घराबाहेर पाठवायला घरचे तयार नसतील तर ही वाट वाईट नाही. पदवी इथे करा, पदव्युत्तरला बाहेर पडा. तोपर्यंत घरचेही मवाळ होतात, हा माझ्या पाहण्यातला अनुभव.

*तुळजापूर.* टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा, म्हणजे 'टिस'चा, ग्रामीण परिसर आपल्यापासून एसटीने तासा-सव्वा तासावर आहे. तिथे समाजकार्य आणि ग्रामविकासाशी जोडलेलं शिक्षण मिळतं. सोलापूरच्या कितीतरी मुलांना देवीचं तुळजापूर माहीत असतं, हे तुळजापूर माहीत नसतं. प्रवेशासाठी सीयूईटी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी सुटतात. निकालानंतर जागे झालात तर वर्ष गेलं.

*परभणी.* वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय. मानव विकास आणि कुटुंब अभ्यास असा विभागच तिथे आहे. मुलांनाही प्रवेश मिळतो. बारावी विज्ञान लागतं आणि प्रवेश राज्याच्या कृषी अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतो.

*मुंबई-पुणे.* महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं जुहूचं गृहविज्ञान महाविद्यालय आणि चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन ही या विषयाची जुनी ठिकाणं. पुण्यात समाजकार्यासाठी कर्वे समाज सेवा संस्था आहे. एसएनडीटी फक्त मुलींसाठी. मुलग्यांनो, अर्ज भरण्याआधी हे बघा. दर वर्षी एखादा फॉर्मची फी घालवतोच.

*बडोदा.* महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा मानव विकास आणि कुटुंब अभ्यास विभाग देशात नावाजलेला. पुढे संशोधनात जायचं असेल तर जरूर विचार करा.

*दूरशिक्षण.* इग्नूची पूर्वबाल्य संगोपन आणि शिक्षणाची पदविका बारावीनंतर करता येते, कमीत कमी एका वर्षात. नोकरी करणाऱ्या किंवा लेकुरवाळ्या बायकांसाठी ती चांगली आहे, पुस्तकं तर उत्तमच आहेत. पण इथे एक मोठा खड्डा आहे. मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित काही विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. त्यामुळे 'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी' असं कुणी आजही विकत असेल तर दोन पावलं मागे सरा. समुपदेशनाचा कुठलाही दूरस्थ कोर्स चालू सत्रासाठी मान्य आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहा. माहितीपुस्तिका याच वर्षीची हवी. झेरॉक्सवाल्याकडे मिळालेली जुनी नको.

४. कागदपत्रं : एप्रिलमध्येच गोळा करा

- दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, पदवीनंतर जात असाल तर सर्व सत्रांची गुणपत्रकं
- शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- दुसऱ्या विद्यापीठात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र
- अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला
- लागू असेल त्याप्रमाणे जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस
- आधार, आणि आधारला जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं
- शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
- शैक्षणिक क्रेडिटसाठीचा एबीसी किंवा अपार क्रमांक

यातली दोन कागदं रडवतात. एक, जात वैधता. तिला महिने लागू शकतात, म्हणून अकरावीतच अर्ज करून मोकळं व्हा. दुसरं, बँक खातं. खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि सरकारी अनुदान त्याच खात्यात येण्यासाठी आधार 'सीड' असणं वेगळं. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी सीडिंग झालंय का' असंच विचारा. महाडीबीटीची शिष्यवृत्ती मंजूर होते आणि पैसे आठवीत उघडलेल्या, विसरून गेलेल्या खात्यात जाऊन पडतात, असं सर्रास घडतं.

नावाचंही बघा. आपल्या पूर्वभागात तेलुगू घरांमध्ये आडनाव एका कागदावर आधी, दुसऱ्यावर शेवटी आणि स्पेलिंग तिसरंच असतं. राजपत्रात नाव बदलून घ्यायला वेळ लागतो. सगळे कागद एकदा शेजारी-शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

५. पहिल्या वर्षी शिकायचं ते बघायला

या विषयात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त काळ शिकवतात ते निरीक्षण. मुलाशी गोड बोलणं आपल्याला येतं असं प्रत्येकाला वाटत असतं. त्याच्याकडे अर्धा तास काहीही न बोलता बघत बसायचं म्हटलं की मात्र चुळबूळ सुरू होते.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं, उजवीकडे तुमचा अंदाज. 'हट्टी आहे', 'लाजाळू आहे', 'हुशार आहे' हे शब्द डावीकडे आले की खोडा. 'आई पाणी आणायला उठली तेव्हा तिने पदर धरला, आई परत बसेपर्यंत सोडला नाही, रडली नाही' ही डावीकडची ओळ. 'आईपासून दूर होताना अस्वस्थ?' ही उजवीकडची, आणि प्रश्नचिन्हासकट.

अशोक चौकाच्या पलीकडे एका खोलीच्या घरात मी एकदा अशी बसले होते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. समोर भिजवून कातरलेली तेंदूची पानं. चार वर्षांची मुलगी खाली पडलेले पानांचे तुकडे गोळा करून फरशीवर मांडत होती, पाच-पाचचे ढीग, आणि प्रत्येक तुकडा ठेवताना पुटपुटत होती : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. एक ढीग चारचाच झाला होता. तिने तो पाहिला, सुपाच्या कडेचा एक तुकडा उचलला आणि पुरा केला. याच मुलीच्या बालवाडीतल्या बाईंनी मला सांगितलं होतं की तिला अंक ओळखता येत नाहीत, बोलतही नाही, जरा मागे आहे.

बाई खोटं बोलत नव्हत्या. मराठीत विचारल्यावर ती गप्पच राहायची. सोलापुरात हे पदोपदी होतं. घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी उर्दू, गल्लीत सगळ्यांची मिसळ आणि बालवाडीत प्रमाण मराठी. म्हणून इथे काम करणाऱ्याने नियमच करून घ्यावा : मूल बोलत नाही असं लिहिण्याआधी ते कुठल्या भाषेत बोलत नाही ते लिहा. आणि घरच्या भाषेत बोलणारं कुणीतरी सोबत घेऊन पुन्हा बघा. शंभरेक शब्दांपुरतं तेलुगू आणि कन्नड स्वतः शिका. 'दूध', 'दुखतंय', 'भीती', 'भूक', 'आजी' एवढंही पुष्कळ होतं.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतोय, असं म्हणून खरा उशीर झाकलाही जातो. मूल दोन वर्षांचं झालं तरी कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल, तर 'आमच्याकडे सगळे उशिरा बोलले' या आजीच्या वाक्यावर थांबू नका. कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

वजन-उंची आणि दंडघेर मोजायलाही याच वर्षी शिका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम. अंगणवाडीत याला सॅम आणि मॅम म्हणतात. पट्टी घट्ट आवळली की मूल कागदावर कुपोषित होतं आणि सैल धरली की कागदावर सुदृढ. सेविकेच्या शेजारी बसून हात बसवून घ्या.

६. सिद्धांत पाठ करण्यापेक्षा आपल्या गल्लीवर लावा

परीक्षेसाठी ब्रॉन्फेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञाची वर्तुळं काढावीच लागतात : मध्ये मूल, भोवती घर-शाळा, त्याबाहेर आईबापाचं कामाचं ठिकाण, त्याबाहेर समाज आणि धोरणं. अमेरिकन उदाहरणांनी ती डोक्यात राहत नाहीत. विडीच्या घरावर लावून बघा. कारखान्यात आईला पानं खराब मिळाली. हजार विड्या वळल्या पण तपासणीत बऱ्याच नापास झाल्या. त्या दिवसाची मजुरी कमी आली. संध्याकाळी घरी आल्यावर मुलाने पाणी सांडलं आणि त्याच्या पाठीत धपाटा बसला. मूल त्या कारखान्यात कधी गेलेलं नाही, पण तिथला निर्णय त्याच्या पाठीपर्यंत पोचला. आईबापाच्या कामाचं वर्तुळ ते हेच.

पालकांशी बोलताना याचा उपयोग होतो. अशा आईला 'मारू नका' हे सांगून काही होत नाही, ते तिलाही माहीत असतं. तिच्या दिवसातला सगळ्यात अवघड तास कुठला, एवढं विचारा. त्या तासात मुलाला कुणाकडे ठेवता येईल, यावर बोलणं पुढे सरकतं.

ऊसतोडीच्या हंगामात असंच. साखर कारखाने सुरू झाले की कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, येणाऱ्या जोड्यांची मुलं फडाजवळच्या कोपींत, म्हणजे झोपड्यांत, येतात. त्यांच्यासाठी 'शाळेत नियमित या' हा सल्ला कुचकामाचा आहे. प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर शहराबाहेर जरा नजर टाका, इंटरनेटवरून ढापायची गरज पडणार नाही.

७. फील्डवर्कला जाताना

परवानगी लेखी घ्या. अंगणवाडीत बसायचं तर त्या भागाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना महाविद्यालयाचं पत्र द्यावं लागतं. शहरातल्या अशा प्रकल्पाला नागरी प्रकल्प म्हणतात. बालगृह किंवा निरीक्षणगृहात जायचं तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती लगेच मिळत नाही. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजतात.

फोटो काढू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार संरक्षणाखालच्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि पोक्सोमध्येही, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातही, तशीच तरतूद आहे. बालगृहात वाढदिवस साजरा करून स्टेटसला फोटो टाकणारे खूप आहेत, त्यांतले एक होऊ नका. वहीतही नाव लिहायचं नाही, खुणेचं अक्षर आणि वय पुरे.

आणि एक वचन कधीही देऊ नका : 'मी कुणालाच सांगणार नाही.' मुलं विश्वास टाकतात तेव्हा हेच मागतात. पण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, विद्यार्थ्यावरही. न कळवल्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे. त्याऐवजी मुलाला सांगायचं, 'तू सांगतोस ते मी उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी इजा करत असेल तर ती थांबवण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.' हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहा, आयत्या वेळी तोंडातून निघत नाही.

तुमच्या पर्यवेक्षक शिक्षिकेला त्याच दिवशी फोन करा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ कुणालाही, कधीही लावता येते. बालविवाहाची कुणकुण लागली तर हाच क्रमांक लावा. गावात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, हेही लक्षात ठेवा. लग्नसराईत उपयोगी पडतं.

कुणी म्हणालं, 'नको झालेलं बाळ एका चांगल्या घरी देऊन टाकतो', तर तो दत्तकाचा मार्ग नाही. बाळ बालकल्याण समितीसमोरच सोपवावं लागतं आणि पुढचं सगळं 'कारा' या दत्तकाच्या केंद्रीय संस्थेच्या यंत्रणेतून होतं. आपल्या जिल्ह्यात ही परंपरा जुनी आहे. टाकून दिलेल्या बाळांसाठी पंढरपूरला प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये बालकाश्रम काढला होता.

८. फसवे कोर्स आणि फसव्या नोकऱ्या

'शनिवार-रविवारी तीन आठवड्यांत सर्टिफाइड चाइल्ड सायकॉलॉजिस्ट.' असं काही नसतं. छंद म्हणून करा, पण नावापुढे पाटी लावू नका.

मॉन्टेसरी किंवा नर्सरी टीचर ट्रेनिंगच्या पदविका बऱ्याच खासगी आहेत. खासगी बालवाड्यांत त्या चालतात, सरकारी भरतीत बहुतेक वेळा चालत नाहीत. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा : प्रमाणपत्र कोणतं विद्यापीठ किंवा मंडळ देणार? 'आमची संस्था आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त आहे' हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

विशेष शिक्षणाचा कोर्स असेल तर संस्थेचं नाव आरसीआयच्या संकेतस्थळावर, त्याच अभ्यासक्रमासाठी आणि त्याच वर्षासाठी मान्य आहे का ते स्वतः बघा. संस्थेच्या भिंतीवरचं जुनं मान्यतापत्र बघून परत येऊ नका.

अंगणवाडीच्या भरतीसाठी पैसे मागणारा कुणीही, अगदी नात्यातला असला तरी, फसवतोय असंच धरा. जाहिरात प्रकल्प कार्यालयात लागते आणि निवड गुणांवर होते.

९. 'पोरं सांभाळायला डिग्री कशाला?'

हा प्रश्न घरात येणारच. वादात पडू नका. वडिलांना अंगणवाडीचा शब्द आणि कल्पना ज्यांच्याकडून आली त्या ताराबाई मोडकांबद्दल सांगा. शहरातली बालमंदिरं सोडून त्या बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेल्या आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यानेही भागलं नाही तर मुख्यसेविकेची जाहिरात पगारश्रेणीसकट छापून समोर ठेवा. माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत दुसरा उपाय जास्त चालला.

मुलग्यांना वेगळा त्रास होतो, 'बायकांचा विषय घेतलास होय रे' असा. त्यांनी चिकाटी सोडू नये. बालगृहातल्या मोठ्या मुलांना आणि समुपदेशनाला तयार नसलेल्या बापांना पुरुष कार्यकर्ता लागतो आणि तो मिळत नाही.

१०. पहिली नोकरी

संस्थांमधली आणि मिशन वात्सल्यसारख्या योजनांतली पदं कंत्राटी असतात, बहुधा अकरा महिन्यांची. सही करण्याआधी चार गोष्टी वाचा : मुदतवाढ कशी होते, मानधन उशिरा आलं तर काय, प्रवासखर्च वेगळा आहे का, आणि रात्री-अपरात्री केस आली तर गाडी कोण देणार. मुलाखतीत शेवटचा प्रश्न विचारायला मुली संकोचतात. जरूर विचारा. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या गावातून अकरा वाजता फोन आल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

पहिल्या सहा महिन्यांत ज्येष्ठ कुणाकडे तरी नियमित बसून केसेसवर बोलायची सोय आहे का, हेही विचारा. नसेल तर आपल्या बॅचच्या दोघी-तिघींनी महिन्यातून एकदा भेटायचं ठरवा, मुलांची नावं न घेता केसेस मांडा. स्वतःलाच झोप लागेनाशी झाली, घरी येऊनही तेच डोक्यात राहू लागलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

पुढे महाविद्यालयात शिकवायचं असेल तर नेट या पात्रता परीक्षेत गृहविज्ञान आणि समाजकार्य हे दोन्ही स्वतंत्र विषय आहेत. अर्ज भरताना तुमची पदव्युत्तर पदवी ज्या विषयात आहे तोच निवडा, आणि निरीक्षणाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. मुलाखतीला 'एखादी केस सांगा' म्हटल्यावर त्याच कामी येतात.